आघात ओळखणारा कवी : माधव जूलियन

मी स्पॅनिश शिकू लागलो आणि पहिल्याच चाचणीत सपशेल आपटलो. ‘आब्लो’ या क्रियारूपात आघात पहिल्या तुकड्यावर दिला तर ‘मी बोलतो’, आणि शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’! त्यातून आपली मराठी जीभ ‘आब्-लो’ असे तोडते, स्पॅनिश माणूस ‘आ-ब्लो’ असे. हेंद्रेपाड्यातल्या घरी मी ही रूपे मोठ्याने घोकत होतो. ते ऐकून आजोबांनी कपाटातला एक जाडजूड ग्रंथ माझ्या पुढ्यात टाकला. ती होती माधव जूलियन यांची ‘छंदोरचना’.

माधव त्र्यंबक पटवर्धन हे त्यांचे खरे नाव. जन्म बडोद्याचा, २१ जानेवारी १८९४. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. फार्सी हा त्यांचा विषय. १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला. रविकिरण मंडळातले ते एक प्रमुख कवी. गझल मराठीत आणायची तर फार्सी वृत्तांतले लघु-गुरू मराठी शब्दांत नेमके बसवले पाहिजेत. ते काम त्यांनी ‘गज्जलांजलि’त केले.

‘छंदोरचना’ आली १९२७ साली. ती चाळताना माझा अडलेला गाडा एकदम हलला. जोडाक्षरामागचे अक्षर गुरू, एवढेच आपण शाळेत पाठ करतो. पण ‘सत्य’मधल्या ‘स’वर आघात येतो म्हणून तो गुरू, ‘तुझ्या’तल्या ‘तु’वर येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. म्हणजे निवाडा कानाचा, कागदाचा नव्हे! आपण ‘करतो’ लिहितो तीन अक्षरांत, बोलतो मात्र ‘कर्-तो’. स्पॅनिशवर चिडण्याचा मला काय अधिकार?

१९३६ साली ते जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हा फार्सीचा पंडित उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला, हे मात्र मला अजून पचलेले नाही. ज्या भाषेकडून वृत्ते घेतली, तिच्या शब्दांना दार बंद!

‘छंदोरचना’ त्यांनी पुन्हा लिहून काढली. दहा वर्षांनी, १९३७ साली, तिची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली आणि पुढल्या वर्षी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. मराठीतल्या कामासाठी दिलेली ती पहिलीच. त्यानंतर त्यांना जेमतेम एक वर्ष मिळाले. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचेचाळीस होते.