ग्रंथप्रेमी नृपती : श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेल्या गोपाळरावांना वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि बडोद्याच्या गादीवर बसलेला हा मुलगा मुळाक्षरे गिरवू लागला. विद्येचे मोल उशिरा, म्हणूनच बहुधा पुरते, उमगलेल्या या राजाने १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर हाती ग्रंथ नसेल तर शिकलेले पुसले जाते. यास्तव १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि राजवाड्यातील आपला ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. गावाने जमविलेल्या वर्गणीइतकीच रक्कम प्रांत पंचायत व सरकार प्रत्येकी घालीत असे. धनाढ्य संस्थानाने गरिबांकडून वर्गणी का घ्यावी, असे कोणास वाटेल. पण पदरचे घातल्यावाचून ग्रंथालय आपले वाटत नाही, हे संस्थाचालक जाणतात. ग्रंथालय नसलेल्या गावी पुस्तकांच्या पेट्या सरकारी खर्चाने जात. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज मुंबईत निवर्तले. समुद्राजवळच्या नवसारीत १८९८ साली स्थापन झालेले ग्रंथालय त्यांच्याच नावाने, ‘सयाजीवैभव’ म्हणून, ओळखले जाते.