गोदावरीवर आगबोटींचे स्वप्न पाहणारे आर्थर कॉटन

इगतपुरी तालुक्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. वैतरणेत उतरलेले पाणी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. कुलंगच्या डोंगरात उगम पावणाऱ्या दारणेचे पाणी मात्र गोदावरीला मिळते आणि अवघे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचते. या दोन समुद्रांच्या दरम्यान मालाची आणि माणसांची ने-आण कशाने व्हावी, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. एका बाजूला थळ घाट फोडून इगतपुरीवर चढलेली रेल्वे होती. दुसऱ्या बाजूला होते सर आर्थर कॉटन. आंध्रात आजही घरोघरी ठाऊक असलेला हा इंजिनिअर गोदावरीच्या वरच्या अंगाला, म्हणजे आपल्याकडे, जवळजवळ अपरिचितच राहिला.

कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. तो काळ कालव्यांचा होता. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्यानंतर सारा देश कालवे खणू लागला. युरोपात तर ही विद्या त्याहून जुनी. हॉलंडमध्ये सतराव्या शतकातच घोड्यांनी ओढलेल्या उतारूंच्या बोटी ठरलेल्या वेळापत्रकानुसार गावोगाव जात. फ्रान्समध्ये रिके नावाच्या करवसुली अधिकाऱ्याने तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा कालवा खोदण्याचे काम हाती घेतले. ते १६८१ मध्ये पुरे झाले. बोटींनी पाणलोटाचा उंचवटा ओलांडायचा कसा, हा तिथला खरा पेच होता. रिके यांनी डोंगरातले झरे अडवून ते पाणी थेट त्या माथ्यावर आणले आणि दोन्ही उतारांवर लॉकच्या पायऱ्या बांधल्या. लॉकचे दार बंद करून पाणी भरले की बोट वर चढते, सोडले की खाली उतरते. सध्या त्या कालव्यावर सहलीच्या बोटी फिरतात.

अशा युगात वाढलेले कॉटन १८२१ मध्ये मद्रासला आले. पहिल्या ब्रह्मी युद्धात त्यांनी भाग घेतला. पण त्यांचे मन रमले ते नद्यांत. कावेरीवर काम करताना चोळांच्या काळातला कल्लणै बंधारा त्यांनी बारकाईने पाहिला. वाळूच्या पात्रात, खडकाचा आधार नसताना, भक्कम बंधारा कसा उभा राहतो हे ते या बंधाऱ्यापासून शिकले, आणि हे ऋण त्यांनी मोकळेपणाने मानले. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत हा गुण दुर्मीळच म्हणावा लागेल.

ती विद्या त्यांनी गोदावरीवर पणाला लावली. राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरम येथे नदीचे पात्र बेटांसह कित्येक किलोमीटर रुंद आहे. दुष्काळांनी हा मुलूख उजाड होत चालला होता, आणि पावसाळ्यात कोट्यवधी घनफूट पाणी त्याच्या डोळ्यांदेखत समुद्रात जात होते. १८४७ मध्ये बंधाऱ्याचे काम सुरू झाले. चार प्रवाहांवर चार भाग बांधून १८५२ मध्ये ते तडीस गेले. या श्रमांत कॉटन यांची प्रकृती अनेकदा ढासळली. कालवे वाहू लागले आणि त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार झाला. महत्त्वाची गोष्ट अशी की हे कालवे केवळ पाटाचे नव्हते. त्यांना लॉक होते. भाताच्या राशी आणि उतारू घेऊन नावा काकीनाड्यापर्यंत जात. वारा नसेल तेव्हा नावाडी काठावरून दोर ओढत चालत. पाणी एकदा शेताला आणि एकदा नावेला, असा दुहेरी उपयोग हे कॉटन यांच्या विचाराचे सूत्र होते.

येथवर त्यांचे गणित बिनचूक होते. पुढचा पल्ला अवघड निघाला. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून काकीनाड्याच्या बंदराला न्यावा, अशी योजना पुढे आली. दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी येथले खडकाळ अडथळे टाळण्यासाठी बंधारे, कालवे आणि लॉक यांची कामे निघाली. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळचे सिरोंचा या जलमार्गाचे मोठे ठाणे ठरणार होते. पण दख्खनची नदी म्हणजे ऱ्हाईन नव्हे. आल्प्सच्या बर्फामुळे ऱ्हाईनला उन्हाळ्यातही पाणी असते. गोदावरी उन्हाळ्यात वाळूत हरवते. शिवाय तोवर १ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी हा घाटातला लोहमार्ग खुला झाला होता आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली. कापूस मुंबईकडे वळला. १८७१ मध्ये वरच्या गोदावरीवरील कामे सोडून देण्यात आली.

कॉटन मात्र हटले नाहीत. १८६० मध्ये ते निवृत्त झाले होते, १८६१ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली होती. आराम करण्यास हरकत नव्हती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे मेली, तेव्हा रेल्वेवर एवढा पैसा ओतून पाण्याची उपेक्षा का केली, असा जाब वृद्ध कॉटन यांनी सरकारला विचारला. कलकत्त्याहून कराचीला आणि काकीनाड्याहून गोदावरी-तापीमार्गे सुरतेला बोटी जाव्यात, असे जाळे त्यांनी सुचवले. १८७८ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांची कडक तपासणी झाली आणि योजना नामंजूर ठरली. सह्याद्रीच्या आणि उन्हाळ्याच्या बाबतीत कॉटन यांचा हिशेब चुकला होता, हे मान्य करावे लागते. परंतु दुष्काळी देशात पहिला पैसा पाण्यावर खर्च व्हावा, या त्यांच्या मुद्द्याला समितीच्या नकाराने उत्तर मिळाले नाही.

उतारवयात ते डॉर्किंगला राहून शेतीचे प्रयोग करीत. जुलै १८९९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. धवळेश्वरमचा नवा बराज त्यांचे नाव मिरवतो, आणि गोदावरीस्नानाच्या संकल्पात तिथले काही पुरोहित त्यांचे स्मरण करतात असे सांगतात.

इकडे इगतपुरी तालुक्यात १९१६ मध्ये दारणा धरण झाले. त्याचे पाणी नांदूर मधमेश्वरहून गोदावरीच्या दोन्ही कालव्यांतून उसाला जाते. त्या कालव्यांवर बोट चालत नाही. तिकडे २००८ मध्ये भद्राचलम ते राजमहेंद्री ही गोदावरी आणि काकीनाडा-पुदुच्चेरी कालवा यांचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये समावेश झाला.