कन्फ्यूशियसचा व्यापारी शिष्य

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, खाडीपलीकडच्या मुंबई बंदरातून जपानला जाणाऱ्या कापसाच्या गाठींवरून एक दरयुद्ध पेटले होते. व्यापारातील नीती कशाला म्हणावे, हा प्रश्न त्यात जितका स्पष्ट दिसला तितका तो नीतिशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच दिसतो. त्या युद्धात जपानी बाजूस शिबुसावा एइची होते.

शिबुसावांचा जन्म १८४० सालचा. घर शेतकऱ्याचे, जोडीला निळीचा व्यापार. कन्फ्यूशियसची वचने त्यांनी लहानपणीच अभ्यासली; पण त्याच परंपरेत व्यापाऱ्याचे स्थान सर्वांत खालचे होते. १८६७ साली शोगुनच्या धाकट्या भावाबरोबर ते पॅरिसच्या प्रदर्शनास गेले आणि युरोपातील बँका व भागभांडवलाच्या कंपन्या त्यांनी जवळून पाहिल्या. १८७३ मध्ये अर्थखात्यातील अधिकारपद सोडून ते बँकेच्या धंद्यात शिरले. पुढे सुमारे पाचशे उद्योगांना त्यांचा हातभार लागला. मात्र स्वतःच्या घराण्याचे साम्राज्य त्यांनी उभारले नाही. पश्चिमेकडून त्यांनी कंपनीचा साचा घेतला, नीती घरचीच ठेवली. १९१६ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच कन्फ्यूशियसची वचने आणि ॲबॅकस शेजारी बसले आहेत.

१८९३ साली नागपूरच्या एम्प्रेस मिलचे संस्थापक जमशेटजी टाटा जपानला जाऊन त्यांना भेटले. कापसाच्या वाहतुकीवर पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीचे व तिच्या जोडीदारांचे वर्चस्व होते. टाटांची जहाजे व निप्पॉन युसेन काइशा यांनी त्याच मार्गावर उतरताच टनामागे पंधरा रुपयांहून अधिक असलेले भाडे पी. अँड ओ.ने दीड रुपयापर्यंत खाली आणले. यात कोणताही कायदा मोडला नव्हता, आणि पाश्चात्त्य व्यापारनीती बहुधा तेवढेच विचारून मोकळी होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी स्वस्त दर पाहून टाटांची साथ सोडली. टाटांचा मार्ग बंद पडला. जपानच्या सूतगिरण्यांनी मात्र, शिबुसावांच्या मध्यस्थीने, आपला कापूस आपल्याच जहाजांतून आणण्याचा शब्द पाळला व त्यांचा मार्ग टिकला. अर्थात याला निव्वळ पौर्वात्य सद्गुण म्हणणे भाबडेपणाचे होईल. शब्दामागे लेखी करारही होता.

या नीतीची उणी बाजू गिरणीच्या आत दिसते. शिबुसावांच्या पुढाकाराने १८८३ साली सुरू झालेल्या ओसाकाच्या सूतगिरणीत विजेच्या दिव्यांखाली मुली रात्रपाळी करीत. सरकारने १८९६ साली कारखाना कायद्याचा विचार मांडला, तेव्हा शिबुसावांनी विरोध केला. मालक-मजुरांचे नाते घरच्यासारखे आहे, त्यात कायद्याने पडू नये, अशी त्यांची धारणा होती. नाते नावाचे हे कवच वडीलधाऱ्यांच्याच सोयीचे ठरते, हे मुलींना कोणी विचारलेच नव्हते. इंग्लंडची व्यवस्था मायेचा आव आणीत नव्हती. तेथे बालकामगारांचे तास कायद्याने १८३३ सालीच बांधले होते. शिबुसावांनी पुढे आपले मत बदलले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण. जपानचा कायदा १९११ साली झाला, अंमलात आला १९१६ मध्ये, म्हणजे त्यांचे ते पुस्तक निघाले त्याच वर्षी. स्त्रियांची रात्रपाळी मात्र १९२९ पर्यंत चालूच राहिली. त्यानंतर दोन वर्षांनी शिबुसावा वारले.