रंगांचे उपासक पॉल एर्लिख

आज पोलंडमध्ये असलेले स्ट्रेलेन हे गाव पूर्वी प्रशियाच्या राज्यात मोडत असे. तेथे १४ मार्च १८५४ रोजी पॉल एर्लिख यांचा जन्म झाला. वैद्यकाचा अभ्यास करीत असताना त्यांना कृत्रिम रंगांचा छंद जडला. शरीराच्या एखाद्या पातळ कापावर रंग घातला, की काही पेशी तेवढ्या रंगत आणि शेजारच्या कोऱ्या राहत. हा चमत्कार इतरांनीही पाहिला होता. एर्लिख मात्र त्यापाशीच अडून बसले. रंग जर आपली पेशी निवडून काढतो, तर औषधाने रोगजंतूला तसे का हेरू नये?

पुढे त्यांना क्षयाने गाठले. हवापालटासाठी ते इजिप्तमध्ये राहिले आणि १८८९ साली बर्लिनला परतताच पुन्हा कामाला लागले. रोगाशी झुंजताना रक्तात प्रतिपिंडे तयार होतात व कुलपाला किल्ली बसावी तसे प्रत्येक प्रतिपिंड आपल्याच शत्रूला चिकटते, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९०८ साली त्यांना मेचनिकॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

अचूक गुण देणाऱ्या औषधाला आपण रामबाण म्हणतो. रोग्याला इजा न करता केवळ जंतूला लागेल असा बाण एर्लिख यांना हवा होता. फ्रँकफुर्टच्या प्रयोगशाळेत त्यांनी सोमलापासून बनविलेली शेकडो संयुगे तपासली. निरुपयोगी म्हणून बाजूला पडलेले ६०६ क्रमांकाचे संयुग १९०९ साली त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी पुन्हा पारखले, आणि उपदंश या भयंकर रोगावर ते गुणकारी ठरले! १९१० साली ते ‘सल्व्हर्सान’ या नावाने बाजारात आले. तथापि त्याने काही रोग्यांना अपायही झाला, आणि एर्लिख यांना कठोर टीका सोसावी लागली.

कर्करोगावरही त्यांनी उंदरांवर पुष्कळ प्रयोग केले. तेथे बाण लागला नाही. कर्कपेशी म्हणजे बाहेरून आलेला जंतू नव्हे, ती आपल्याच शरीराची बिघडलेली पेशी. तिला वेगळे ओळखावे कसे? हा प्रश्न मागे ठेवून २० ऑगस्ट १९१५ रोजी ते निवर्तले.

आजचे संशोधक त्याच प्रश्नाशी झगडत आहेत. केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढ्या कणांत ते औषध भरतात आणि कणांवर प्रतिपिंडांचे आवरण चढवितात. काही कर्कपेशींच्या पृष्ठावर एखादे प्रथिन नेहमीपेक्षा फार अधिक असते. प्रतिपिंड त्याला धरते, कण पेशीत शिरतो व औषध आत उतरते. परंतु बहुतेक कण यकृत आणि प्लीहा वाटेतच अडवितात. गाठीपर्यंत फार थोडे पोचतात.