हजेरीपटामागचा प्रश्न विचारणाऱ्या सावित्रीमाई

दरवर्षी ३ जानेवारी उजाडली की भोर आणि वेल्हे तालुक्यांतील शाळांत क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. भाषणे होतात, चिमुकल्या मुली कपाळावर आडवे कुंकू लावून सावित्रीमाई होतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा नेहमीच्या चालीने चालू लागते. याच शाळांतल्या शिक्षकांकडून कृतिसंशोधन नावाचे एक काम अपेक्षित असते. आपल्या वर्गातली एक अडचण निवडायची, तिची कारणे शोधायची, त्यावर काही उपाय करून पाहायचा, फरक पडला की नाही ते तपासायचे आणि अहवाल लिहायचा. बी.एड. करताना हे शिकवले जाते, नोकरी लागल्यावर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था त्याचा आग्रह धरते. जयंतीचा हार आणि हा अहवाल यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे मात्र कुणाला वाटत नाही. आमचे म्हणणे असे की, संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. तो कळण्यासाठी माईंचे चरित्र देव्हाऱ्यातून खाली उतरवून शिक्षिकेचे चरित्र म्हणून वाचले पाहिजे.

भोरहून शिरवळकडे उतरले की नीरेपलीकडे खंडाळा तालुक्यातले नायगाव लागते. तेथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीचा जन्म झाला. म्हणजे भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखाला त्या परक्या नाहीत, शेजारच्याच आहेत. १८४० साली नवव्या वर्षी त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. सासरी येताना त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना आणि सगुणाबाई क्षीरसागर यांना शिकवले. पुढचे शिक्षण जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी पाहिले. त्यानंतर माईंनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. ही गोष्ट आपल्या भाषणांतून नेहमी निसटते. त्या काळी पंतोजी छडी घेऊन बसत आणि घोकंपट्टी करून घेत. शिकवणे ही शिकून घ्यायची विद्या आहे, हे माईंनी वर्गात पाऊल टाकण्याआधीच ओळखले होते.

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी महारवाड्यातही शाळा निघाली. पुढे काय झाले ते चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. सनातन्यांनी शेण-चिखल फेकला, गोविंदरावांवर दबाव आणला आणि १८४९ साली या जोडप्याला घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी आपल्या घरात त्यांना जागा दिली, फातिमाबी शिकवायला उभ्या राहिल्या. हा छळ आपण सांगतो आणि सांगितलाच पाहिजे. पण केवळ छळ सांगितला की माईंचे काम झाकले जाते. अंगावरचे शेण पुसून त्या वर्गात जात, तेव्हा आत काय करत होत्या?

आत त्यांच्यापुढे रोज एक प्रश्न उभा राही. काल आलेली मुलगी आज का आली नाही? मुले गळत होती. घरी पोट भरत नव्हते, धाकटे भावंड सांभाळायला कुणी नव्हते, मुलीने शिकून काय करायचे असे बाप विचारत होता, शेजारी टोमणे मारत होते. माई आणि जोतीरावांनी याचा दोष मुलांच्या जातीवर किंवा डोक्यावर ढकलला नाही. अस्पृश्यांची मुले शिकूच शकत नाहीत, हे त्या काळच्या शहाण्यांचे उत्तर तयारच होते. फुले दांपत्याने ते उत्तर नाकारून कारणे शोधली आणि एकेका कारणाला एकेक उपाय लावून पाहिला. पोटाचा प्रश्न होता तिथे मुलांना विद्यावेतन दिले. मुलांच्या प्रकृतीकडे लक्ष दिले. पालकांना भेटून शिक्षणाचे महत्त्व पटवले. मांग-महार वस्त्यांतून मुले आणण्यासाठी लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार यांच्यासारखी वस्तीतली वजनदार माणसे मदतीला घेतली. दिवसा राबणाऱ्या शेतकरी-मजुरांना दिवसाची शाळा उपयोगाची नाही हे दिसले, तेव्हा १८५५ साली रात्रीची शाळा काढली.

अडचण ओळखा, कारण शोधा, उपाय करा, परिणाम तपासा. आज कृतिसंशोधनाच्या नमुन्यात हेच रकाने असतात. माईंनी त्याला हे नाव दिले नव्हते. नाव नव्हते, काम होते. आज अनेक ठिकाणी नाव आहे आणि काम शोधावे लागते.

परिणाम तपासायलाही त्या घाबरल्या नाहीत. १८५१ आणि १८५२ या दोन वर्षांत चिपळूणकर वाडा, रास्ता पेठ आणि वेताळ पेठ अशा तीन ठिकाणी मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या. या शाळांच्या परीक्षा लोकांसमोर होत. ज्या शहराने शाळेला शिव्या दिल्या, त्याच शहरासमोर मुलींना उभे करून त्यांना काय येते ते दाखवले जाई. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला.

पण माईंच्या वर्गाचा खरा निकाल १८५५ साली लागला. मांग समाजातली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी. तीन वर्षे या शाळेत शिकली आणि मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला. तो ज्ञानोदय पत्रात फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत छापला गेला. पेशवाईत आपल्या लोकांना कसे वागवले, धर्मग्रंथ आपल्याला पाहायचीही बंदी असेल तर आपला धर्म कोणता, आपल्या बाया उघड्यावर बाळंत होतात तेव्हा त्यांचे काय हाल होतात, असे प्रश्न तिने थेट विचारले. लिहायला-वाचायला शिकवणे एवढेच ध्येय असते तर मुक्ता पत्र लिहायला शिकली असती. ती आपल्या वस्तीची चौकशी करायला शिकली! ज्या शिक्षिकेला प्रश्न पडतात, तिच्याच विद्यार्थिनीला प्रश्न पडतात.

१८५६ साली आजारपणामुळे माई नायगावला माहेरी होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाबींवर शाळेचा भार पडला असेल, पण ती कुरकूर करणार नाही, याची काळजी आहे. महार-मांगांना शिकवता म्हणून टोकणाऱ्या भावाशी घातलेला वादही त्यात आहे. आजारातही लक्ष वर्गाकडे होते आणि माहेरच्या माणसालाही सोडले नाही. १८६८ सालच्या पत्रात, खालच्या मानलेल्या जातीतल्या मुलीशी संबंध ठेवला म्हणून गावकरी ज्या जोडप्याच्या जिवावर उठले होते, त्या दोघांना माईंनी कसे वाचवले त्याची हकीगत आहे. शाळेच्या भिंतीबाहेरचे जग त्या शाळेपासून वेगळे मानत नव्हत्या.

१८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ साली सत्यशोधक समाज, १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नछत्रे, ही कामे सर्वांना ठाऊक आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारचे दुर्लक्ष, बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या शिक्षणाची गरज, शेतकरी वर्गातून आलेले प्रशिक्षित शिक्षक, त्यांना पुरेसा पगार, जगण्याला उपयोगी पडेल असा अभ्यासक्रम, हे मुद्दे त्यात होते. ते पुस्तके वाचून सुचलेले नव्हते. तीन दशकांहून अधिक काळ शाळेशी जडलेल्या नात्यातून ते आले होते आणि त्या अनुभवात निम्मा वाटा माईंचा होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा माईंनी स्वतः टिटवे धरले. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा मुंढव्याच्या महार वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. जो येऊ शकत नाही त्याला आपण जाऊन आणायचे, हा वर्गातला नियम त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत पाळला.

हा धागा पुढे बाबासाहेबांनी उचलला. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडा मांडला होता की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात. पुन्हा तोच गळतीचा प्रश्न! बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथे त्यांचे गुरू होते जॉन ड्युई. शिक्षणाच्या शास्त्रात वर्गातल्या शिक्षकाच्या अनुभवाची उपेक्षा होते, असे ड्युई यांनी १९२९ साली मांडले. पुढे त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील स्टीफन कोरी यांनी १९५३ साली शाळांतील कृतिसंशोधनावर पुस्तक लिहिले आणि ही कल्पना जगभर गेली. आपल्याकडे ती परदेशातून आली असे मानले जाते. भिडेवाडा त्याच्या १०५ वर्षे आधीचा आहे, हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

आता आजचे बोलू. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. नाव बदलले तरी डोंगर तेच आणि वाड्या-वस्त्या तशाच विखुरलेल्या. पानशेत, वरसगाव, भाटघर, नीरा देवघर या धरणांच्या पाण्याने गावे आणखी तुटली. धनगरवाडे, कातकरी वस्त्या आणि आपले बौद्धवाडे यांतली मुले ज्या शाळांत जातात त्या बहुतेक लहान शाळा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक आणि त्यांतली मुले सुमारे १ लाख ८५ हजार असल्याचे तेव्हा सांगितले गेले. नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आपल्या पानशेतचे नाव घेतले गेले.

समूह शाळेत जास्त शिक्षक, प्रयोगशाळा, खेळायला सवंगडी मिळतात, हे आम्ही नाकारत नाही. पण पावसाळ्यात दरड कोसळली, बस आली नाही, तर वरच्या वस्तीतली सहावीतली मुलगी घरी बसते त्याची नोंद कोण करणार? दहा दिवसांनी तिचे नाव पटावर असेल आणि ती शेळ्यांमागे असेल. पटसंख्या हा आकडा शासनाला शाळा बंद करण्यासाठी कळतो, मूल का गळाले हे त्या आकड्यातून कळत नाही. ते फक्त वर्गातल्या शिक्षकाला कळू शकते.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. संविधानाच्या कलम २१-क ने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. म्हणजे वर्गाचा अभ्यास करणे ही हौस नव्हे, कायद्याने सांगितलेले काम आहे. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. हे तीन दोर एकत्र वळले तर गावाच्या हाती चांगले साधन येते.

म्हणून भोर आणि राजगडमधल्या शिक्षक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. कृतिसंशोधनासाठी विषय शोधत फिरू नका. आपल्या हजेरीपटातले जे नाव सलग गैरहजर आहे, तोच आपला विषय. त्या घरी जा, कारण लिहा, उपाय करा आणि परिणाम खरा लिहा. उपाय फसला तर फसला असे लिहा. फसलेल्या उपायाची प्रामाणिक नोंद बाजारातून आणलेल्या गुळगुळीत अहवालापेक्षा लाख मोलाची. आणि हा अहवाल केंद्रप्रमुखांच्या कपाटात ठेवू नका, शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत वाचा. मुलाचे नाव झाका, कारण उघडे करा.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. समितीतल्या आपल्या जागा कागदावर राहू देऊ नका. बैठकीला जा, गळालेल्या मुलांचा हिशेब मागा आणि जो शिक्षक खरा हिशेब मांडेल त्याच्या पाठीशी उभे राहा. शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेपुढे ठेवायला घोषणेबरोबर नोंदी हव्यात.

पुणे विद्यापीठाला २०१४ साली माईंचे नाव मिळाले. मोडकळीस आलेला भिडेवाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. स्मारक झालेच पाहिजे. पण माईंचा वर्ग दगडविटांत नव्हता. डोंगरातल्या दोन खोल्यांच्या शाळेत एखादी शिक्षिका हजेरी घेताना एका नावाशी थांबते आणि शाळा सुटल्यावर त्या वस्तीची पायवाट धरते, तिथे तो वर्ग आजही भरतो. तिला एकटी चालू न देणे हे आपले काम आहे.

जय भीम! जय सावित्री!