ग्रंथांची खतावणी मांडणारे डॉ. रंगनाथन

शियाळी रामामृत रंगनाथन हे नाव अनेक ग्रंथालयांत तसबिरीखाली वाचायला मिळते. पण हे गृहस्थ मूळचे गणिताचे प्राध्यापक, आणि ग्रंथपालाची नोकरी त्यांना आरंभी मुळीच रुचली नव्हती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मला तरी ते वाचून जरा धीर आला.

तंजावर जिल्ह्यातील शियाळी गावी ऑगस्ट १८९२ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९१७ साली ते मंगळूरच्या सरकारी कॉलेजात शिकवू लागले, पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. बोलताना अडखळत, तरी वर्गात रमत. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार बरा होता. पण वाचक फारसे फिरकत नसत आणि दिवसभर एकट्याने बसायचे! थोड्याच दिवसांत त्यांनी परत शिकवायला पाठवा, अशी गळ घातली. आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिका, मग नकोच वाटले तर परत या, असा तोडगा निघाला.

लंडनमध्ये त्यांना बर्विक सेयर्स हे गुरू लाभले. तिथली ग्रंथालये पाहताना एक गोष्ट त्यांना खटकली. ड्युईच्या पद्धतीत विषयांची घरे आधीच ठरलेली. मग दोन-तीन विषय मिसळलेले पुस्तक बसवायचे कुठे? एका दुकानात त्यांनी मुलांचा मेकॅनो पाहिला. पट्ट्या त्याच, स्क्रू तेच, पण जोडाल तशी वस्तू तयार. विषयाचेही असेच सुटे भाग करून ते चिन्हांनी जोडावेत, ही कल्पना त्यांना तिथे सुचली. 'एल' म्हणजे वैद्यक, ४४ म्हणजे भारत, असे भाग. आणि जोडायला दोन टिंबे. म्हणून हे द्विबिंदू वर्गीकरण. परतीच्या बोटीवरील ग्रंथसंग्रहावरच त्यांनी ते करून पाहिले. १९२५ मध्ये मद्रासला उतरले, ते पुन्हा गणिताकडे वळलेच नाहीत.

१९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे, १९३३ साली वर्गीकरण आणि १९३४ साली सूचीचे नियम, असे त्यांचे तीन ग्रंथ आले. मला आवडते ते तिसरे काम. पुस्तकाची मुख्य नोंद एकाच विषयाखाली. पण आत दुसऱ्या विषयावर प्रकरण असेल तर त्या विषयाखालीही नोंद करून मूळ जागेकडे बोट दाखवायचे. रोजकीर्दीतली रक्कम खतावणीत योग्य त्या खात्यांवर गेलीच पाहिजे, तसेच हे. खात्यावर न चढलेली रक्कम जशी हरवते, तसे सूचीत न चढलेले पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखेच. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांचे चौथे सूत्र इथे कामाला येते.

त्यांची चिन्हे मात्र सोपी नाहीत, आणि ती आवृत्तीगणिक बदलत गेली. भारतातही बहुतेक ग्रंथालयांनी ड्युईच धरून ठेवला, त्यात मला नवल वाटत नाही. पण विषयाचे पैलू पाडण्याची त्यांची रीत जगभरच्या अभ्यासकांनी उचलली.

१९४४ साली त्यांनी मद्रास सोडले. मग बनारस, दिल्ली, झुरिक. १९५६ मध्ये मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी एक लाख रुपये दिले आणि त्याला पत्नी शारदाबाईंचे नाव जोडले. शिक्षकाच्या कमाईतून आलेले त्या काळचे लाख रुपये, हे आम्हा हिशेब शिकणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. १९६२ मध्ये बंगळूरला त्यांनी प्रलेखन प्रशिक्षण केंद्र काढले. तिथेच २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. द्विबिंदू वर्गीकरणाची सातवी आवृत्ती १९८७ साली, त्यांच्या मागे पंधरा वर्षांनी, बाहेर पडली.