टपालातला संसार

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा त्यांच्या वयाला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन करणारी महाराष्ट्रकन्या म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. त्यांचे पती गोपाळराव यांच्या हट्टाच्या आणि विक्षिप्तपणाच्या कथाही मराठी वाचकाला परिचित आहेत. तथापि या दांपत्याचा परस्परसंवाद कसा होता आणि त्याचा दोघांच्या जीवनावर कोणता परिणाम झाला, या अंगाने या चरित्राकडे क्वचितच पाहिले जाते.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी झाला. वर बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा आणि टपाल खात्यात कारकून. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. पत्नीला शिकवायचेच, हा गोपाळरावांचा निर्धार होता आणि त्या काळात तो विलक्षणच म्हणावा लागेल. परंतु त्यांच्या शिकवण्याची रीत कठोर होती. अभ्यासात हयगय दिसली की ते हात उगारीत. पती हाच गुरू आणि गुरू हाच शिक्षा करणारा, अशा घरात लहान मुलीने आपल्या मनातले बोलायचे कोणापाशी? ती ऐकत राहिली आणि शिकत राहिली.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळी प्रसूतीच्या वेळी वा त्यानंतर पुरुष डॉक्टरपुढे आपली व्यथा सांगणे स्त्रियांना अशक्यप्राय होते आणि स्त्री डॉक्टर उपलब्ध नव्हत्या. संकोचामुळे दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रियांचे हाल आनंदीबाईंनी स्वतः अनुभवले. आपण डॉक्टर व्हावे, या संकल्पाचे मूळ त्या अनुभवात आहे.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील एका मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले होते. तो पत्रव्यवहार १८८० मध्ये तेथील एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना तो वाचला आणि आनंदीबाईंना पत्र पाठवले. त्यातून जुळलेला स्नेह इतका गाढ झाला, की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. प्रकृतीच्या तक्रारी, मनातल्या शंका, धर्म आणि रीतिरिवाजांविषयीची मते त्या या मावशीला मोकळेपणाने लिहीत. घरात ज्या मोकळेपणाला वाव नव्हता, तो त्यांना समुद्रापलीकडच्या अनोळखी स्त्रीपाशी लाभला.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी भरसभेत इंग्रजीतून भाषण करून आपण अमेरिकेला का जात आहोत, हे सांगितले. त्याच वर्षी ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. प्रकृती आधीपासूनच नाजूक होती. डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा पाठ सोडत नव्हते. गोपाळराव मागे राहिले. टपाल खात्यातल्या या गृहस्थाचा संसार आता खरोखरच टपालावर चालू लागला.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यास सुरू झाला. कडाक्याची थंडी, शाकाहाराचे बंधन, धुराने भरणारी खोली आणि अभ्यासाचा ताण यांनी शरीर खचत गेले. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास प्रारंभ केला. पत्र पोहोचायला आठवडे लागत. गोपाळरावांच्या पत्रांतून कधी प्रोत्साहन येई, तर कधी संशय आणि टोमणे. परदेशी राहून पत्नी बदलली, ही शंका त्यांचे मन पोखरीत होती.

याच काळात आनंदीबाईंनी पतीला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. आपल्याशी पतीचे वर्तन चांगले होते की वाईट, याचा त्यांनी त्यात शांतपणे विचार केला आहे. लहानपणी बसलेला लाकडाचा मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे त्यांनी वयाच्या क्रमाने मांडले. पतीचा हेतू आणि त्याचे परिणाम पाहता ते वर्तन योग्य ठरते, कोवळ्या मनावरचा आघात पाहता अयोग्य ठरते, असा त्यांचा निवाडा आहे. हिंदू स्त्रीला पतीपुढे बोलण्याचा अधिकार नसतो, तिने गप्प राहायचे असते, हेही त्यांनी नोंदवले. ज्या पतीने लिहायला शिकवले, त्यालाच ही लेखणी उत्तर देत होती. हजारो मैलांच्या अंतरामुळेच हे बोलणे शक्य झाले, ही या संसाराची शोकांतिका होय.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पती पुन्हा जवळ आला, पण तोवर क्षयाने शरीराचा ताबा घेतला होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. ती स्वीकारण्यासाठी १८८६ च्या अखेरीस त्या पतीसह मायदेशी परतल्या, परंतु काम सुरू करण्याइतकी शक्ती उरली नव्हती. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पुकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

क्षय हा कठोर शब्दांनी होत नाही, हे खरे. त्या आजारावर त्या काळी खात्रीचे औषधही नव्हते. गोपाळराव नसते तर डॉक्टर आनंदीबाई घडल्या नसत्या, हेही तितकेच खरे. मात्र आधीच थकलेल्या जिवाला दूरच्या पत्रातून मायेचा शब्द अपेक्षित असताना आरोप वाचावा लागला, तर त्याचा भार शरीरालाही वाहावा लागतो. गोपाळरावांनी पत्नीला जग दाखवले. तिचे म्हणणे ऐकून घेण्याचे मात्र त्यांना फार उशिरा सुचले.

आपल्याकडे आजही कितीतरी घरांतली माणसे जहाजावर वा आखाती देशांत असतात आणि संसार फोनवर चालतो. निरोप आता क्षणात पोहोचतो. घरी कोणी दुखणे लपवीत असेल, कोणी मनातली शंका टोमण्यात गुंडाळून पाठवीत असेल, तर अंतर तितकेच राहते. आनंदीबाईंचे ते पत्र सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही जुने वाटत नाही, ते याच कारणाने.